ओल्या स्लॅबवरचं रबर

आंबोलीच्या घाटमाथ्यावर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. या दोन्ही टोकांना मी गच्च्यांवर रबरी कोटिंगची कामं घेतली आणि दोन्हीकडे चुकलो. चुका वरवर वेगळ्या दिसत होत्या, त्यामुळे त्यांचं मूळ एकच आहे हे कळायला मला फार वेळ लागला. तोवर काही कुटुंबांनी घरात बादल्या मांडून पावसाळे काढले. ती माणसं अजून भेटतात, चहाला बोलावतात. त्यांच्या चांगुलपणाने माझ्या कामातला दोष कमी होत नाही. दर वर्षी मे संपत आला की गावोगाव त्याच चुका पुन्हा होताना दिसतात, म्हणून हे सगळं लिहून काढतो आहे.

दुकानात गिऱ्हाईक ‘रबर कोटिंग द्या’ असं म्हणतं, पण डब्यांत असतात निरनिराळ्या गोष्टी. काही पाण्यात कालवलेलं ॲक्रिलिक असतं, काही पॉलियुरेथेन असतं, तर काही डांबरात रबर मिसळून केलेलं असतं. वाळल्यावर सगळ्यांचा लवचिक पापुद्रा होतो आणि तो हातात धरून ओढला तर ताणतो, सोडला तर परत येतो. डब्यावर ‘४०० टक्के ताण’ असं काहीतरी छापलेलं असतं. डिप्लोमा करून नवा नवा कामाला लागलो तेव्हा तो पापुद्रा ओढून बघितला आणि मला वाटलं, आता गळती कसली राहते! आधीचे लोक विटांच्या तुकड्यांचा कोबा घालत, त्यावर घोटून गिलावा करत, दिवसच्या दिवस पाणी साठवून ठेवत. त्या सगळ्या खटाटोपाची जागा आता ब्रश आणि बादली घेणार, असा माझा ठाम विश्वास होता. तो मी गिऱ्हाइकांनाही दिला.

पहिलं मोठं काम आंबोलीजवळच्या एका निवृत्त गुरुजींच्या घराचं. वर कोबा घातलेली जुनी गच्ची होती आणि कोपऱ्याकोपऱ्यातून पाणी उतरत होतं. बोलणी होईपर्यंत मे महिना सरत आला. मधे दोन वळीव पडून गेले, पण नंतर कडक ऊन पडलं आणि गच्ची पांढरीफटक दिसायला लागली. मी हाताने चाचपून पाहिलं. कोरडी होती, गरमसुद्धा होती. मृग तोंडावर आला होता. गुरुजी म्हणाले, “घाई करू नका, पण पावसाआधी झालं तर बरं.” मी घाईच केली. प्राइमर मारला, त्यावर कोटिंगचे दोन हात दिले आणि संध्याकाळी समाधानाने घरी गेलो.

चार उन्हं लागल्यावर गच्चीभर फुगे आले. काही पुरीएवढे, काही ताटाएवढे. मी त्याचा दोष मालाला दिला. दुकानदाराशी भांडलो, फुगे कापले, तिथे ठिगळं मारली. खरं कारण कोब्याच्या पोटात होतं. विटांचे तुकडे पाणी पितात आणि वरचा गिलावा वाळला तरी आतलं पाणी आठवडेच्या आठवडे तसंच राहतं. ऊन तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि वर यायला बघते. आधी ती गिलाव्यातून सावकाश बाहेर पडत होती. मी तिच्या वाटेवर रबर पसरलं. जिथे रबराची पकड कमजोर होती तिथे वाफेने ते उचललं, जिथे पकड चांगली होती तिथे ओल आतच कोंडली गेली.

आर्द्रा लागल्यावर गळती सुरू झाली. जुलैमध्ये पावसाने थोडी उघडीप दिली, गच्ची वरून कोरडी झाली, तरी खाली थेंब पडतच राहिले. गुरुजी मला पुन्हा पुन्हा एकच विचारत, “पाऊस नाही, मग हे पाणी कुठून येतंय?” माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. ते पाणी कोब्यात साठलेलं होतं. ठिगळाच्या कडेतून आत शिरलेलं पाणी कोब्यात पसरत होतं आणि वरून उडून जायची वाट मी बंद केल्यामुळे त्याला खाली उतरण्यावाचून मार्ग नव्हता. रबर मारण्याआधी ती गच्ची पावसात गळायची. रबर मारल्यानंतर ती पाऊस थांबल्यावरही गळायला लागली. दोन पावसाळ्यांनंतर स्वयंपाकघरावरच्या छताचा गिलावा पडला आणि आतल्या सळया उघड्या झाल्या. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो फुगताना काँक्रीट फोडतो. गुरुजींच्या घरातलं सुदैवाने कोणी त्या वेळी चुलीपाशी नव्हतं.

ओल ओळखायची सोपी रीत आहे, आणि ती तेव्हाही होती. हातभर लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा गच्चीवर पसरायचा, चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि एक रात्र तसाच ठेवायचा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं किंवा खालचा भाग काळपट झाला असेल तर काम सुरू करायचं नाही. याला खर्च जवळपास शून्य. मी ती तपासणी केली नाही, कारण उत्तर काय येईल याची मनातून भीती होती आणि उत्तर ‘नाही’ आलं असतं तर काम दिवाळीनंतर गेलं असतं.

त्याच भागात एका चिऱ्याच्या घराचंही मी नुकसान केलं, आणि त्याची टोचणी मला जास्त आहे. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा. पश्चिमेकडच्या भिंतीवर पावसाची झड येऊन आतून ओल दिसायची. पूर्वी त्या बाजूला पावसाळ्याआधी नारळीची झापं बांधायचे. मुलगा मुंबईला, घरात आजी एकटी, झापं बांधायला माणूस मिळेना, म्हणून मुलाने मला ‘कायमचा इलाज’ विचारला. मी अख्ख्या भिंतीला बाहेरून रबरी कोटिंग मारलं. आजी ओट्यावर बसून बघत होती. ती म्हणाली, “झिला, गळता खंय आणि तू लावतंस खंय?” मी हसून वेळ मारून नेली.

तिचं म्हणणं बरोबर होतं. झडीबरोबरच पाणी जोत्यातून वर चढत होतं आणि वरच्या मोडक्या पन्हळीतूनही भिंतीच्या माथ्यावर उतरत होतं. चिरा सच्छिद्र असतो. ओला होतो, पण वारा लागला की वाळतोही, आणि चुन्याचा गिलावा त्याला वाळू देतो. मी बाहेरची बाजू बंद केल्यावर ती भिंत वाळायची तर फक्त घराच्या आत. पुढच्या वर्षी आजीच्या खोलीत भिंतीला खार फुटला, गिलावा भुगा होऊन गळायला लागला, कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरली. पन्हळ दुरुस्त करून छपराची वळचण दोन हात पुढे काढली असती तर बरंचसं भागलं असतं. मी ते नंतर केलं. पण जांभ्याला चिकटलेलं रबर काढताना चिऱ्याचे टवकेही निघाले. ते घर पूर्वी होतं तसं मला परत करता आलं नाही.

या अनुभवांनंतर चंद्रपूरला एका वसाहतीच्या गच्च्यांचं काम मिळालं, तेव्हा मी मनाशी म्हटलं की इथे निदान ओलीचा त्रास नाही. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की सकाळी धुतलेली गच्ची पाण्याचा मागमूस ठेवत नाही. पण तिथल्या उन्हाने मला वेगळं शिकवलं, आणि रबराबद्दल मी धरून बसलेला मूळ समज तिथेच मोडला.

मे महिन्यात दुपारी तिथल्या गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. उघड्या काँक्रीटचं तापमान साठ अंशांच्या पुढे जातं, काळ्या डांबरी थराचं त्याहून जास्त. अशा पृष्ठभागावर कोटिंग मारलं की वरची साय क्षणात धरते आणि खालचं पाणी आत अडकतं. मग बारीक बारीक छिद्रं पडतात. दोन भाग कालवून वापरायचा माल तर बादलीतच घट्ट व्हायला लागायचा आणि तो वाया जाऊ नये म्हणून मजूर कसातरी फासून मोकळे व्हायचे. तिथला मिस्त्री मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “साहेब, पहाटे करू, नाहीतर नको करू.” मला मजुरीचे पूर्ण दिवस भरून हवे होते. मी दुपारभर काम चालू ठेवलं.

मोठी चूक सांध्यात झाली. लांब इमारतीचा स्लॅब सलग ठेवत नाहीत, मधे मुद्दाम फट सोडतात, कारण काँक्रीट तापलं की वाढतं आणि गार झालं की आकसतं. वाढ किती? एक मीटर लांबीला एका अंशामागे मिलिमीटरचा साधारण शंभरावा भाग. ऐकायला काहीच वाटत नाही. त्या वसाहतीत दोन सांध्यांमधलं अंतर वीस मीटर होतं. जानेवारीच्या पहाटे दहा अंश, मे महिन्याच्या दुपारी स्लॅब साठच्या घरात, म्हणजे फरक पन्नास अंशांचा. वीस गुणिले पन्नास, भागिले शंभर: दहा मिलिमीटर. थंडीत आणि उन्हाळ्यात ती फट जवळजवळ एक सेंटिमीटरने कमी-जास्त होणार होती. हे गणित मला येत होतं. परीक्षेत मी ते सोडवलेलं होतं. कामाच्या वेळी केलं नाही.

मी ती फट भर मे महिन्यात भरली. स्लॅब पूर्ण फुगलेला, फट सगळ्यात अरुंद, जेमतेम वीस मिलिमीटर. जो माल वापरला तो स्वतःच्या रुंदीच्या पंचवीस टक्के मागेपुढे सोसणारा होता, म्हणजे वीसला पाच. त्याच्याकडून मी दहाची अपेक्षा ठेवली, आणि तीही सगळी ताणाच्या बाजूला, कारण तिथून पुढे फट फक्त रुंदच होत जाणार होती. हाच माल फेब्रुवारीत किंवा नोव्हेंबरात सकाळी भरला असता तर फट पंचवीसच्या आसपास असती, तिथून पाच मिलिमीटर उघडली आणि पाच मिटली असती. पंचवीसला पाच म्हणजे वीस टक्के. टिकला असता. माल तोच, फट तीच, फक्त महिना वेगळा.

त्यात भर म्हणून मी फट तळापर्यंत गच्च भरली. जितका जास्त माल तितकं भक्कम, असं वाटलं. सांध्यातल्या मालाने दोन्ही बाजूंच्या कडा धरायच्या असतात आणि तळ मोकळा ठेवायचा असतो. तळालाही चिकटला तर तिन्ही बाजूंनी अडकतो, मधे आकसून बारीक व्हायला त्याला वाव राहत नाही आणि तो फाटतो. म्हणून आधी फटीत फोमची दोरी दाबून बसवतात, तिला हा माल धरत नाही, आणि वर रुंदीच्या निम्म्या खोलीइतकाच थर देतात. फोमच्या दोरीचे पैसे वाचवायला मी तिप्पट-चौपट माल ओतला. डिसेंबरच्या थंडीत तो कडेपासून सुटला. पुढच्या पावसात खालच्या जिन्यात पाण्याची धार लागली.

गच्चीवरच्या बारीक तड्यांचंही तेच झालं, आणि इथे मला ‘४०० टक्के’चा अर्थ शेवटी लागला. केसासारखा तडा. मी त्याच्यावरून सरळ कोटिंग फिरवलं. छान झाकला गेला. थंडीत तडा अर्धा-एक मिलिमीटर उघडला आणि कोटिंग बरोबर त्याच रेषेत चिरलं. मला कळेना, पाचपट ताणणारा पापुद्रा एक मिलिमीटर ताणाने कसा फाटला? कारण तो दोन्ही बाजूंना काँक्रीटला घट्ट चिकटलेला होता. ताण घ्यायला मोकळा होता तो फक्त तड्यावरचा केसाएवढा भाग. शून्याजवळच्या लांबीची चारशे टक्के वाढसुद्धा शून्याजवळच राहते. तड्यावर आधी पन्नास मिलिमीटर रुंदीची न चिकटणारी पट्टी टाकून तिच्यावरून जाळी आणि कोटिंग घेतलं असतं, तर एक मिलिमीटरचा ताण पन्नास मिलिमीटरवर वाटला गेला असता. दोन टक्के. साधं ॲक्रिलिकही तेवढं सहज सोसतं.

रबर ताणतं हे खरं आहे, पण ताणायला त्याला मोकळी जागा लागते आणि धरून राहायला कोरडी, स्वच्छ कड लागते. या दोन्ही गोष्टी डब्यात मिळत नाहीत. त्या बांधकामात करून द्याव्या लागतात. आंबोलीत मी कोरडी कड दिली नाही, चंद्रपुरात मोकळी जागा दिली नाही. एकीकडे पाऊस आणि दुसरीकडे ऊन टोकाचं होतं म्हणून काम लवकर उघडं पडलं. पुण्यासारख्या हवेत हीच कामं कदाचित चार वर्षं तगली असती आणि मी ती बरोबर आहेत असं धरून आणखी शंभर घरं बिघडवली असती.

आता पैशाबद्दल, कारण वरच्या बऱ्याचशा चुका न कळल्यामुळे झाल्या, ही मात्र कळून झाली. वीस लिटरची बादली हजार चौरस फुटांवर पुरवायची असा बाजारात हिशेब चालतो आणि मीही तोच दर देऊन कामं मिळवली. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक लिटर पसरलं की ओला थर एक मिलिमीटर होतो. वीस लिटर ९३ मीटरवर पसरले की ओला थर मिलिमीटरचा जेमतेम पाचवा भाग. त्यातलं पाणी उडून गेल्यावर निम्माच उरला तर दहावा भाग, कागदाइतका. एक मिलिमीटरचा सुका थर द्यायचा तर तशाच नऊ-दहा बादल्या लागतात. मी कागदपत्रात एक मिलिमीटर लिहिला. वर ब्रश सहज फिरावा म्हणून मजूर बादलीत पाणी ओतत, ते बघूनही मी बोललो नाही. त्या कागदाएवढ्या थरावर चंद्रपूरचं ऊन, वर उडून येणारी धूळ, वाळवणं घालायला चढलेल्या बायकांची पावलं आणि टीव्हीच्या डिशचे स्क्रू, इतकं सगळं होतं. तो टिकणार नव्हता आणि ते मला माहीत होतं.

वसाहतीचं काम मी पुन्हा केलं. सांधे कापून साफ केले, नोव्हेंबरच्या सकाळी भरले. गच्चीला वरून पांढरा हात दिला. पांढरा रंग ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो आणि तापला कमी की हलतोही कमी, हा त्याचा फायदा लोक विसरतात. फक्त त्यावर धूळ बसली की गुण जातो, म्हणून उन्हाळ्याआधी गच्ची धुवावी लागते. गुरुजींच्या गच्चीचा कोबा मात्र सगळा उखडावा लागला. सळया घासून, छताला आधार देऊन, नव्याने उतार काढून ती दुरुस्ती केली. त्यांनी अर्धे पैसे देऊ केले. मी घेतले नाहीत, घ्यायला तोंड नव्हतं.

आता काम हातात घेतलं की पहिल्यांदा डबा आठवत नाही. आधी बादलीभर पाणी गच्चीवर ओततो आणि ते कुठे जातं ते बघतो. बहुतेक जुन्या गच्च्यांवर ते निकासाच्या तोंडाकडे जातच नाही, मधेच डबकं धरतं. उतार नसेल तर कुठलंही रबर काही काळाने हरतं. कठडा आणि गच्ची यांच्या कोनात सिमेंटचा गोलसर वाटा आहे का, पाइपच्या गळ्याशी फट आहे का, हे बघतो. गळतीची बहुतेक दुखणी तिथेच निघतात, आणि ती कितीदा वाळू-सिमेंटनेच बरी होतात. सगळं झाल्यावर पाणी तुंबवून दोन दिवस ठेवतो आणि घरमालकाला खाली उभं करून छत दाखवतो. कधी कधी कोटिंगची गरजच उरत नाही. ते काम मी सोडून देतो. पोट थोडं मागे पडतं, पण झोप लागते.

तुमची गच्ची गळत असेल तर एवढं करा. पावसाळ्यात गळतं तेव्हा छतावर खडूने जागा आणि तारीख मांडून ठेवा, पाऊस थांबल्यावर किती वेळ ठिबकतं तेही लिहा. तेच पुढे सगळ्यात उपयोगी पडतं. मग दिवाळी होऊ द्या, गच्ची हिवाळाभर वाळू द्या आणि माघ-फाल्गुनात माणूस बोलवा. बादल्या किती लागतील आणि थर किती जाडीचा होईल हे त्याच्याकडून लिहून घ्या, आणि रिकाम्या बादल्या स्वतः मोजा. मे महिन्याच्या शेवटी, दोन वळीव पडून गेल्यावर, कोणी “उद्याच मारून देतो” म्हणाला तर त्याला परत पाठवा. त्या वर्षी ताडपत्री घाला. जो म्हणेल, “ओल आहे, आत्ता करणार नाही,” त्याचा फोन नंबर जपून ठेवा आणि काम त्यालाच द्या.